नियंत्रण गट आणि गावकुसाबाहेरचा माणूस : बार्शीच्या निमित्ताने काही प्रश्न

बार्शी हे मराठवाड्याच्या दारावरचे गाव. ज्वारी-तुरीची पेठ, भगवंताचे देऊळ आणि एकेकाळची बार्शी लाइट रेल्वे यांसाठी ते महाराष्ट्राला माहीत आहे. परंतु ज्या कारणाने बार्शीचे नाव जगातल्या वैद्यकीय नियतकालिकांत पुनःपुन्हा छापले जाते, ते कारण आपल्या कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना फारसे माहीत नाही. ते कारण म्हणजे येथील नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि त्याच्या आधाराने झालेले संशोधन. या संशोधनात परिसरातील लाखाहून अधिक खेड्यांतल्या बायांची शरीरे गुंतलेली होती. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही, तो आपला आहे. बार्शीत राहणारा एक माणूस म्हणून मी तो येथे मांडत आहे.

प्रथम जे चांगले आहे ते सांगितले पाहिजे. १९८७ साली बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातील ही अशा प्रकारची पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरातील नोंदणी रुग्णालयात बसून होते, कारण रुग्ण तेथे येतो. खेड्यातला रुग्ण येतच नाही, तो घरात मरतो आणि त्याचा आजार कोणत्याही कागदावर चढत नाही. म्हणून बार्शीच्या कामगारांनी गावोगाव जाऊन माणसे भेटण्याची, लक्षणे समजावून सांगण्याची पद्धत घातली. त्यातून बायांना होणाऱ्या कॅन्सरांत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर सर्वांत अधिक आहे हे दिसले, आणि नुसत्या माहितीनेही बाया लवकर तपासणीला येऊ लागल्या. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. ज्यांचे मरण कुणी मोजत नव्हते त्यांचे मरण मोजले गेले, ही लहान गोष्ट नव्हे.

या पायावर पुढचे मोठे संशोधन उभे राहिले. टाटा मेमोरियल केंद्र, फ्रान्समधील ल्योन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आणि बार्शीचे रुग्णालय यांनी मिळून १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक चाचणी सुरू केली. पैसा अमेरिकेतील बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया तीत घेण्यात आल्या. गावांचे ५२ समूह पाडून त्यांची चार गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी झाली. पहिल्या गटातील ३४,१२६ बायांची एच.पी.व्ही. या विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्या गटातील ३२,०५८ बायांची पॅप म्हणजे पेशींची तपासणी, तिसऱ्या गटातील ३४,०७४ बायांची ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी. आणि चौथ्या गटातील ३१,४८८ बायांची कोणतीच तपासणी नाही. या चौथ्या गटाला शास्त्राच्या भाषेत 'नियंत्रण गट' म्हणतात. त्यांना जिल्ह्यात एरवी जे मिळत होते तेच मिळायचे होते.

निष्कर्ष २ एप्रिल २००९ रोजी अमेरिकेतील न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पहिले लेखक डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन, दुसरे डॉ. नेने. विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ बाया मेल्या. नियंत्रण गटात ६४ मेल्या. पुढच्या अवस्थेला गेलेले कॅन्सर पहिल्या गटात ३९ होते, नियंत्रण गटात ८२. आयुष्यात एकदा केलेली तपासणीसुद्धा मरणे जवळजवळ निम्म्यावर आणते, हे जगाला प्रथम या मातीने सिद्ध करून दिले. साधे त्रैराशिक मांडले तर नियंत्रण गटातील बायांना विषाणूची तपासणी मिळाली असती तर ६४ ऐवजी सुमारे ३१ मरणे झाली असती. म्हणजे ढोबळमानाने तेहतीस बायांचा फरक. या तेहतीस बाया कोण, हे कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. पण त्या होत्या.

प्रश्न असा की, हे मरण कोणाच्या खात्यावर मांडायचे?

संशोधकांच्या बाजूने जे सांगितले जाते ते नीट ऐकले पाहिजे. ते म्हणतात, आम्ही कोणाचा उपचार हिरावून घेतला नाही. या जिल्ह्यात तपासणीचा कार्यक्रम नव्हताच. आम्ही आलो नसतो तर चारही गटांतील बायांना काहीच मिळाले नसते. शिवाय तुलनेला गट नसेल तर पुरावा उभा राहत नाही आणि पुराव्यावाचून सरकार पैसा घालत नाही. हा युक्तिवाद खोटा नाही आणि तो करणाऱ्यांवर मी दुष्टपणाचा आरोप करीत नाही. ज्या भागात साधा डॉक्टर टिकत नाही तेथे त्यांनी प्रयोगशाळा उभारली, परिचारिकांना शिकवले, शेकडो बायांचे प्राण वाचतील असे ज्ञान मिळवले.

तरीही हा युक्तिवाद ज्या एका शब्दावर उभा आहे तो शब्द तपासावा लागतो. तो शब्द म्हणजे 'प्रमाण'. नियंत्रण गटाला 'त्या ठिकाणचा प्रमाण उपचार' दिला असे म्हणतात. त्या ठिकाणचा प्रमाण उपचार शून्य होता, म्हणून शून्य दिले. हे शून्य कोठून आले? ते निसर्गाने दिलेले नव्हते. पॅप तपासणी १९४० च्या दशकापासून जगाला ठाऊक होती. कॅनडात, फिनलंडमध्ये, स्वीडनमध्ये तिच्या जोरावर या कॅन्सरचे मरण घसरले होते. तपासणीने मरण टळते हे जुने ज्ञान होते. गरीब खेड्यात कोणती तपासणी कमी खर्चात चालेल, एवढेच नवे शोधायचे होते. मग तीन पद्धतींची आपसांत तुलना पुरली नसती काय? चौथ्या गटाची गरज कोणाला होती?

आंबेडकरी चळवळीच्या माणसाला हे शून्य ओळखीचे आहे. १९२६ साली कोणी अभ्यासक महाडला आला असता आणि त्याने विचारले असते की अस्पृश्यांना चवदार तळ्याचे किती पाणी मिळणे हे येथले प्रमाण आहे, तर गावाने प्रामाणिकपणे उत्तर दिले असते : एक थेंबही नाही. तेच येथले प्रमाण. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा त्यांनी पाण्याइतकेच हे 'प्रमाण' नाकारले. रूढीने घडवलेल्या अभावाला स्थितीचा नियम मानायचे नाही, हा महाडचा धडा आहे. वैद्यकशास्त्राने तो शिकलेला नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाचा अभाव हाच जर त्याचा प्रमाण उपचार ठरू लागला, तर जो जितका वंचित तितका तो प्रयोगाला सोयीचा, असे समीकरण तयार होते.

हे समीकरण एकट्या उस्मानाबादचे नाही. तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात ३०,९५८ बाया आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ७६,१७८ बाया अशाच विनातपासणीच्या गटांत ठेवल्या गेल्या. मुंबईच्या चाचणीला अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा पैसा होता. तिन्ही मिळून १,३८,६२४ बाया. अमेरिकेतील पेशीविकृतितज्ज्ञ डॉ. एरिक सुबा यांनी या गटांतील मरणांची बेरीज २५४ अशी मांडली आणि हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. २०१४ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये त्यांचा लेख आला. त्यापूर्वी २०१२ साली अमेरिकन सरकारच्याच मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने मुंबईच्या चाचणीत बायांना संमतीसाठी दिलेली माहिती अपुरी होती, असा निर्णय दिला होता. हेही खरे की मुंबईच्या निष्कर्षाने, डोळ्यांनी केलेल्या साध्या तपासणीने मरणे ३१ टक्क्यांनी घटतात, हे दाखवून दिले. फायदा आणि अन्याय एकाच वहीत लिहिलेले आहेत. म्हणूनच ही वही वाचणे अवघड आहे.

इतिहासात जरा मागे गेले तर शरीरे कोणाची वापरली जातात याची रेषा स्पष्ट दिसते. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. हे धैर्य मोठे होते. त्यानंतर त्याच महिन्यात लस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना टोचण्यात आली. कैदी स्वेच्छेने पुढे आले असे सांगतात. पण तुरुंगाच्या भिंतीआड स्वेच्छेचा अर्थ काय होतो, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. त्याच वर्षी, त्याच प्लेगात, सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त पोराला पाठीवर घेऊन मुलगा यशवंतच्या दवाखान्यात पोहोचल्या आणि त्याच आजाराने १० मार्चला गेल्या. १८९७ सालाने आपल्याला दोन्ही गोष्टी दाखवल्या : शास्त्रासाठी गरिबाचे शरीर लागते, आणि गरिबाचे शरीर वाहून नेणारे कोणी असावे लागते.

अमेरिकेत १९३२ साली अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला. हे बहुतेक कुळाने शेती करणारे गरीब लोक. आजार उपचाराविना कसा वाढतो ते पाहायचे होते. पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागल्यावरही ते त्यांना मिळू दिले नाही. १९४७ साली न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने नाझी डॉक्टरांना शिक्षा देताना माणसाची स्वेच्छासंमती अनिवार्य ठरवली, तेव्हाही टस्कीगी चालूच होते. ते बंद पडले १९७२ साली, वर्तमानपत्रातून बोभाटा झाल्यावर. आपल्या देशात दिल्लीला १९७६ ते १९८८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेने १,१५८ बायांच्या गर्भाशयमुखातील कॅन्सरपूर्व बदल उपचार न करता नुसते पाहत ठेवले. त्यांत कित्येकींना कॅन्सर झाला. त्यातल्या अनेक बाया निरक्षर होत्या, लेखी संमती घेतलेली नव्हती. ही गोष्ट १९९७ साली उजेडात आली, म्हणजे उस्मानाबादची चाचणी सुरू होण्याच्या अवघी दोन वर्षे आधी.

उस्मानाबाद म्हणजे टस्कीगी नव्हे. तेथे फसवणूक होती, औषध अडवले गेले होते. येथे तसे नाही. हा भेद आपण प्रामाणिकपणे राखला पाहिजे, नाहीतर आपली टीका घोषणा होऊन बसते. परंतु एक धागा समान आहे. ज्यांच्या शरीरावर ज्ञान उभे राहते ते लोक, आणि ज्यांना त्या ज्ञानाचा पहिला लाभ होतो ते लोक, निरनिराळे असतात.

लाभाचा हिशेब पाहा. २००९ साली उस्मानाबादने विषाणूची तपासणी श्रेष्ठ ठरवली. २०१७ साली नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियाने, २०१९ साली इंग्लंडने हीच तपासणी आपल्या सर्व बायांसाठी पहिली तपासणी म्हणून स्वीकारली. आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात खेड्यांसाठी डोळ्यांनी पाहण्याची तपासणी ठरली, आणि तीही कागदावर. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी दोन टक्क्यांनाही या कॅन्सरची तपासणी कधी लाभलेली नव्हती. 'पुरावा नाही म्हणून सरकार पैसा घालत नाही' हे विधान आता कोठे ठेवायचे? पुरावा मिळाला, प्राण देऊन मिळाला. दहा वर्षांनंतरही 'प्रमाण' शून्याच्या आसपासच राहिले.

दुसरे उदाहरणही बार्शीला जोडलेले आहे. २००९ साली याच विषाणूवरील लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहण्यासाठी देशातील अनेक केंद्रांवर १० ते १८ वयाच्या अविवाहित मुलींची चाचणी सुरू झाली. त्यांतील एक केंद्र बार्शी. त्याच सुमारास आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत पाथ या अमेरिकन संस्थेच्या एका वेगळ्या प्रकल्पात लस दिली जात होती. तेथे सात मुली दगावल्या. लसीने त्या मेल्या असे चौकशीत सिद्ध झाले नाही. सिद्ध झाले ते वेगळेच : खम्मममधील अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या प्रमुखांनी सह्या केल्या होत्या. आईबापांना कोणी विचारलेच नव्हते. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली यावर कडक ताशेरे ओढले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सर्वत्र लसीकरण थांबवले, त्यात बार्शीची चाचणीही थांबली. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती, त्यातल्या सुमारे पाच हजारांना एकच डोस. पुढे या एका डोसच्या मुलींचा मागोवा घेतला गेला, तेव्हा एक डोससुद्धा विषाणूच्या चिवट संसर्गापासून ९५ टक्क्यांपर्यंत संरक्षण देतो असे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एक डोस पुरेसा मानला, त्यात या मुलींच्या रक्ताची साक्ष आहे. गरीब देशांचा लसीचा खर्च त्यांनी कमी केला. त्यांचे नाव मात्र कोणत्याही फलकावर नाही.

येथे संमतीचा प्रश्न मुळातून विचारला पाहिजे. आपल्या खेड्यात संमती ही कोणाची असते? आधी सरपंचाची, मग नवऱ्याची, मग सासूची आणि शेवटी बाईच्या अंगठ्याची. गळ्यात नळी अडकवलेला माणूस मोटारीतून उतरला की त्याच्यापुढे 'नाही' म्हणणे आपल्या बायांना कोणी शिकवलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या 'होय महाराज' म्हणण्याची सवय लागलेल्या समाजाकडून घेतलेली संमती ही कागदावर स्वतंत्र असते, व्यवहारात नसते. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात बुद्धाने एका आदर्श यज्ञाची गोष्ट सांगितली आहे. त्या यज्ञात एकही जनावर मारले जात नाही. आणि जे सेवक राबतात ते दंडाच्या भीतीने रडतरडत राबत नाहीत. ज्यांना करायचे ते करतात, ज्यांना करायचे नाही ते करीत नाहीत. मला वाटते, संशोधनातील संमतीची यापेक्षा नेमकी कसोटी न्यूरेंबर्गलाही सापडलेली नाही. ज्याला 'नाही' म्हणता येते त्याच्याच 'होय' ला किंमत असते.

त्या सुत्तात जनावर आणि सेवक एकत्र आले आहेत, हेही लक्षात घ्यावे. दुःख ज्याला होते त्याचा विचार करा, हा धम्माचा पाया आहे. म्हणून प्रयोगशाळेतील उंदीर, ससे, माकडे यांच्याबद्दल कायदा असावा हे योग्यच. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली आला आणि प्रयोगांवर देखरेखीसाठी समिती नेमण्याची तरतूद त्याच कायद्यात झाली. १९७८ साली मोरारजी देसाईंच्या सरकारने परदेशी प्रयोगांसाठी होणारी माकडांची निर्यात बंद केली, कारण ती किरणोत्साराच्या लष्करी प्रयोगांत वापरली जात असल्याचे उघड झाले होते. माणसांच्या बाबतीत वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले धोरणपत्र १९८० सालचे, आणि तेही कायदा नव्हे. औषधचाचण्यांचे नियम १९८८ साली आले आणि नुकसानभरपाईची सक्ती २०१३ साली, इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर. माकडाला आधी संरक्षण मिळाले याचे मला दुःख नाही. ज्या समाजाला मेलेली ढोरे ओढायला लावली, त्या समाजाच्या माणसाला ते मिळायला एवढा वेळ लागला, याचे दुःख आहे.

वैद्यकीय लेखांच्या तक्त्यांत वय, शिक्षण, वैवाहिक स्थिती असे रकाने असतात. जातीचा रकाना क्वचितच असतो. जात न विचारणे म्हणजे पुरोगामीपणा, असे कोणाला वाटेल. पण ज्या देशात दवाखान्यापर्यंतचे अंतर जातीने ठरते, तेथे जात न मोजणे म्हणजे अन्याय न मोजणे. शेजारच्या बीड जिल्ह्यातले चित्र पाहा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली आढळली. अनेकींना कॅन्सरची भीती घालण्यात आली होती. एकाच पट्ट्यातल्या बायांना एकीकडे तपासणी मिळत नाही आणि दुसरीकडे तपासणीवाचूनच पिशवी काढली जाते. अज्ञान हा आपल्या बायांचा दोष नाही, ते इतरांचे भांडवल आहे.

आता चळवळीविषयी. १९७२ साली टस्कीगीचा बोभाटा झाला आणि त्याच साली मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. नाव आपण अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून घेतले. त्या ब्लॅक पँथरने काळ्या वस्त्यांत मोफत दवाखाने काढले होते आणि सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी स्वतः हाती घेतली होती. आपण त्यांची घोषणा घेतली, दवाखाना घेतला नाही. आरोग्य हा आपल्याकडे शिबिराचा विषय राहिला, हक्काचा झाला नाही.

तो व्हावा यासाठी बार्शी-धाराशिवच्या संदर्भात काही मागण्या करता येतील. ज्या गावांनी चाचणीला शरीरे दिली त्या सर्व गावांत, नियंत्रण गटातील गावांत सर्वांत आधी, विषाणूची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत व कायमचे मिळावेत. ही दया नव्हे, परतफेड आहे. निष्कर्ष मराठीत छापून ग्रामसभेत वाचले जावेत. इंग्रजी नियतकालिकात छापले म्हणजे संशोधन लोकांपर्यंत पोहोचले, असे होत नाही. रुग्णालयांच्या नैतिकता समित्यांवर शेतमजूर बाया आणि दलित-आदिवासी प्रतिनिधी असावेत, शोभेसाठी नव्हे, 'नाही' म्हणण्याच्या अधिकारासह. संमती घेणारा माणूस संशोधकाच्या पगारावरचा नसावा. आणि जेथे सरकार उपचार देऊ शकत असूनही देत नाही, तेथील अभावाला 'प्रमाण' म्हणता येणार नाही, असे स्पष्ट नियमात लिहिले जावे.

हेलसिंकीच्या जागतिक जाहीरनाम्यात २०२४ साली एक बदल झाला. ज्यांच्यावर संशोधन होते त्यांना 'प्रयोगविषय' न म्हणता 'सहभागी' म्हणावे असे ठरले. शब्द बदलला हे चांगले झाले. पण आपल्याला शब्द बदलण्याचा अनुभव जुना आहे. अस्पृश्यांना नवनवी गोड नावे मिळाली, तळे मात्र आपले आपल्यालाच गाठावे लागले. बाबासाहेबांनी घटना देताना बजावले होते की राजकारणात एक माणूस एक मूल्य आणि समाजात विषमता, हा विरोध फार काळ चालणार नाही. संशोधनाच्या वहीतही हाच विरोध आहे. तेथे प्रत्येक बाई एक आकडा म्हणून समान आहे. माणूस म्हणून ती समान कधी होणार, हे त्या चौसष्ट मरणांनी आपल्यापुढे ठेवलेले काम आहे.